पदव्युत्तर स्तरावरील सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम : कोल्हापूरच्या सहकारी बँकिंगच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षा या विषयाचे अभ्यासक्रम जाहीर केले. सर्व विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या अभ्यासक्रमांपैकी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. या चिकित्सेसाठी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्याचा कसोटी म्हणून उपयोग केला असून, त्या प्रकरणाचा कोल्हापूरशी असलेला थेट संबंध विचारात घेतला आहे. अभ्यासक्रमाची व्याप्ती स्वागतार्ह असली तरी त्यात गुन्हा, कायदा आणि व्यवस्थापन हे घटक परस्परांपासून अलग पडतात. प्रत्यक्षात मात्र सुरक्षा ढासळते ती या घटकांच्या सांध्यांवरच, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सायबर सुरक्षा, पदव्युत्तर अभ्यासक्रम, सहकारी बँका, एटीएम स्विच, इलेक्ट्रॉनिक पुरावा, कोल्हापूर.

१. प्रस्तावना

कोल्हापूरकरांना 'सायबर' हा शब्द इंटरनेटच्या आधीपासून परिचित आहे. १९७६ साली स्थापन झालेली व्यवसाय-शिक्षणाची एक संस्था तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सायबर' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्याजवळचा चौकही 'सायबर चौक' झाला. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात संगणकाचे जाळे प्रथम पोहोचले ते विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून नव्हे, तर व्यापार व सहकार यांच्या वाटेने. १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला त्याच्या उसाची व बिलाची माहिती गावातच मिळावी, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजेच शेतकऱ्याची आर्थिक माहिती तारेवरून वाहू लागली, त्या घटनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे.

दूधबिल, ऊसबिल, पेन्शन, पतसंस्थेची ठेव असे या भागातील बहुतेक आर्थिक व्यवहार आज कुठल्या ना कुठल्या संगणक-प्रणालीतून पार पडतात. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर, सांगली व सातारा या तिन्ही जिल्ह्यांत सहकाराची मुळे खोल आहेत. येथील महाविद्यालयांतून वाणिज्य, विधी, व्यवस्थापन व संगणकशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थीच पुढे सहकारी बँकांचे अधिकारी, लेखापरीक्षक, वकील आणि काही वेळा संचालक होतात. त्यामुळे त्यांना सायबर सुरक्षा कशा रीतीने शिकवली जाते, हा केवळ अभ्यास मंडळाच्या कामकाजाचा विषय राहत नाही. ठेवीदारांच्या पैशाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

२. अभ्यासक्रमाची मांडणी व तिचे गुण

आयोगाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विभागणी पाच घटकांत केलेली आहे : सायबर सुरक्षेचा परिचय, सायबर गुन्हे, सायबर कायदा, माहितीची गोपनीयता व सुरक्षितता आणि सायबर सुरक्षेचे व्यवस्थापन, अनुपालन व प्रशासन. या मांडणीचे दोन गुण प्रथम नोंदवले पाहिजेत.

पहिला गुण असा की, हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित ठेवलेला नाही. एम.टेक. किंवा एम.एस्सी. स्तरावरील विशेष अभ्यासक्रमांत कूटबद्धीकरण, जाळ्यांची सुरक्षितता, मालवेअरचे विश्लेषण इत्यादींचा तांत्रिक अभ्यास होतो व तो आवश्यकच आहे. परंतु बँकेच्या शाखेत बसणारा अधिकारी बहुधा एम.कॉम. झालेला असतो आणि न्यायालयात पुरावा मांडणारा वकील एलएल.एम. झालेला असतो. सुरक्षेची साखळी त्यांच्याही हातांतून जाते, हे वास्तव आयोगाने ओळखले आहे. दुसरा गुण असा की, शेवटच्या घटकात व्यवस्थापन आणि प्रशासन यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. सायबर सुरक्षा म्हणजे चांगला पासवर्ड आणि अद्ययावत अँटिव्हायरस, ही बाळबोध समजूत त्यामुळे मागे पडण्यास मदत होते.

तथापि अभ्यासक्रमाचे मूल्यमापन केवळ शीर्षकांवरून करता येत नाही. या पाच घटकांचा अभ्यास पूर्ण केलेला विद्यार्थी एखाद्या प्रत्यक्ष घटनेसमोर उभा केल्यास त्याला काय समजेल, ही खरी कसोटी होय. या कसोटीसाठी परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही.

३. कॉसमॉस प्रकरण : घटना आणि तिची यंत्रणा

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेवर मालवेअरच्या साहाय्याने हल्ला झाला. तो महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस होता. काही तासांत २८ देशांतील एटीएम केंद्रांतून व्हिसा कार्डांच्या सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतातही रुपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांद्वारे सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यानंतर सोमवारी, १३ ऑगस्ट रोजी, आंतरराष्ट्रीय निधी-हस्तांतरणासाठी वापरल्या जाणाऱ्या स्विफ्ट प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँक खात्यात वळवण्यात आले. एकूण अपहाराची रक्कम ९४ कोटी ४२ लाखांच्या घरात गेली.

या घटनेची यंत्रणा समजून घेणे महत्त्वाचे आहे. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा त्याची मागणी कार्डाच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेच्या 'स्विच'पर्यंत जाते. स्विच ती मागणी बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो. तेथे खात्यातील शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार त्याच मार्गाने परत येतो. कॉसमॉसच्या बाबतीत हल्लेखोरांनी या मार्गात बनावट स्विच उभा केला. क्लोन केलेल्या कार्डांवरून आलेल्या मागण्यांना हा बनावट स्विचच परस्पर होकार देत राहिला; कोअर बँकिंग प्रणालीपर्यंत त्या मागण्या पोहोचल्याच नाहीत. त्यामुळे ज्या ग्राहकांच्या कार्डांची नक्कल झाली होती, त्यांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. खतावणी जुळत होती आणि पैसा मात्र गेला होता. कार्डांच्या जाळ्यांशी हिशेब पुरा करण्याची जबाबदारी बँकेवर असल्याने हा तोटा बँकेच्या माथी आला.

या देशांतर्गत व्यवहारांत कोल्हापूरचा वाटा लक्षणीय होता. शहरातील एटीएम केंद्रांतून क्लोन केलेल्या कार्डांच्या साहाय्याने सुमारे ८९ लाख रुपये काढल्याचे तपासात निष्पन्न झाले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसाठी काम करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एकाच गुन्ह्याचे एक टोक आंतरराष्ट्रीय राजकारणात आणि दुसरे कोल्हापूरच्या रस्त्यावरील एटीएम केंद्रात होते. दोन टोकांमधील अंतर जेवढे मोठे, तेवढीच ती जोडणाऱ्या माणसांची साखळीही लांब होती. शिक्षा झाली ती प्रामुख्याने या साखळीच्या खालच्या टोकाला.

४. अभ्यासक्रमाच्या मर्यादा

४.१ घटकांची फारकत

वरील प्रकरण आयोगाच्या अभ्यासक्रमात नेमके कोठे शिकवावे, असा प्रश्न विचारल्यास पहिली मर्यादा स्पष्ट होते. मालवेअर व कार्डांचे क्लोनिंग हे भाग 'सायबर गुन्हे' या घटकात जातील. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील अनधिकृत प्रवेशाविषयीचे कलम ४३ व ६६, ओळख-चोरीविषयीचे कलम ६६ क आणि तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे कलम ६६ ड हे भाग 'सायबर कायदा' या घटकात येतील. ग्राहकांच्या कार्डांच्या माहितीची गळती 'गोपनीयता' या घटकात आणि बँकेने घ्यावयाची खबरदारी 'व्यवस्थापन' या घटकात बसेल. परंतु शनिवारी रात्र संपताना आणि सोमवारी सकाळी बँक उघडताना या सर्वांचा एकत्रित विचार कोणी व कसा करावयाचा, याला या मांडणीत जागा उरत नाही.

एटीएममधील अपहार आणि स्विफ्टमधील अपहार यांच्यात सुमारे दीड दिवसाचे अंतर होते. हे अंतर पदव्युत्तर वर्गात चर्चेसाठी सर्वांत मोलाचे आहे. एका प्रणालीत शिरकाव झाल्याचे लक्षात येताच दुसरी कोणती प्रणाली तत्काळ अलग करावी? हा निर्णय कोणाच्या अधिकारात असतो? सुट्टीच्या दिवशी तो अधिकारी कोठे असतो? सुट्टीचा फायदा घेण्याची ही रीत नवी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळवले गेले, तेव्हाही साप्ताहिक सुट्टी आणि चिनी नववर्षाची सुट्टी यांचा मेळ साधण्यात आला होता. 'फिशिंगची व्याख्या लिहा' या प्रश्नाचे अचूक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला हा धागा दिसेलच असे नाही.

४.२ संस्थेची अनुपस्थिती

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. अभ्यासक्रमाची भाषा मुख्यतः 'वापरकर्ता' आणि 'गुन्हेगार' या दोन व्यक्तींभोवती फिरते. या दोघांच्या मध्ये उभी असलेली संस्था, म्हणजे बँक, पतसंस्था, दूध संघ किंवा साखर कारखाना, तिच्यातील अधिकाररचनेसह डोळ्यांसमोर येत नाही.

नियामक व्यवस्थेचा इतिहास पाहता ही उणीव गंभीर वाटते. रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २ जून २०१६ रोजी जारी केली. नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे कॉसमॉसवरील हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी आली. सायबर सुरक्षेचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, अशी अपेक्षा त्यात होती. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने पुढे जाऊन सहकारी बँकांची चार स्तरांत वर्गवारी केली. या वर्गवारीचा आधार बँकेचा आकार किंवा ठेवी हा नव्हता. बँक कोणत्या डिजिटल सेवा देते आणि कोणत्या प्रणालींशी जोडलेली आहे, हा होता. स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्टची जोडणी असलेली बँक तिसऱ्या स्तरात जात होती आणि दोन्ही असल्यास तिच्यावर चौथ्या स्तराची जबाबदारी येत होती. धोका आकाराने नव्हे, जोडणीने वाढतो, हे तत्त्व यातून शिकता येते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व समजण्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची मुळीच आवश्यकता नाही. ताळेबंद वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला बँकेच्या प्रणालींचा नकाशा वाचण्यास शिकवणे मात्र आवश्यक आहे.

४.३ कायद्याचे आयुर्मान आणि पुराव्याचा प्रश्न

अभ्यासक्रम २०२२ मध्ये तयार झाला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. भारतीय दंड संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांची जागा १ जुलै २०२४ पासून अनुक्रमे भारतीय न्याय संहिता व भारतीय साक्ष अधिनियम यांनी घेतली. कलमांची यादी पाठ करून घेणारे अध्यापन अशा वेळी दोन वर्षांत शिळे होते. मूळ तत्त्व आणि त्यामागील वाद शिकवणारे अध्यापन टिकून राहते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद होता. त्याचा पुरावा निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणात होता. मूळ उपकरण न्यायालयापुढे आणलेले नसल्यास पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब नुसार प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश मूल्य म्हणजे त्या नोंदीचा गणिती ठसा. नोंदीत एका अक्षराचा जरी फरक झाला तरी हा ठसा बदलतो.

एटीएम केंद्रातील कॅमेऱ्याचे चित्रण किंवा स्विचवरील नोंदी न्यायालयात टिकतील की नाही, हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या दिवशी कोणी, कशा जतन केल्या यावर अवलंबून असते. शाखाधिकाऱ्याने गोंधळून प्रणाली पुन्हा सुरू केली आणि नोंदी पुसल्या गेल्या, तर पुढे निष्णात वकीलही हतबल ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यानंतर विधी शाखेच्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा भाग अधिकच निकडीचा झाला आहे. तो संगणकशास्त्र आणि विधी या दोन्ही शाखांनी एकत्र शिकण्याचा आहे. एकट्या शाखेला तो पेलत नाही.

४.४ भाषा आणि अध्यापक

सायबर सुरक्षेची पाठ्यपुस्तके व परिभाषा प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. विद्यार्थ्याला पुढे ज्यांच्याशी बोलावयाचे आहे, ते ठेवीदार, संचालक आणि फिर्यादी मात्र मराठीत बोलतात. फसवणूक झाल्यावर १९३० या राष्ट्रीय मदतवाणीवर ताबडतोब तक्रार का करावी, पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किती झपाट्याने फिरवला जातो आणि वाटेत तो कसा गोठवता येतो, हे सोप्या मराठीत सांगता येणे हेही पदव्युत्तर कौशल्यच मानले पाहिजे.

अध्यापकाचा प्रश्नही टाळता येणार नाही. ज्याचा कार्यभार अपुरा आहे त्याच्याकडे हा विषय सोपवण्याची प्रथा पडली, तर सर्वांसाठी असलेला विषय कोणाचाच राहणार नाही. अशा स्थितीत अध्यापन परदेशातील गाजलेल्या हल्ल्यांच्या स्लाइड्सपुरते उरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशीच ती अवस्था म्हणावी लागेल.

५. पुनर्रचनेची दिशा

अभ्यासक्रम संपूर्ण देशासाठी असल्याने त्यात स्थानिक प्रकरणांचा समावेश शक्य नाही, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी खराही आहे. परंतु घटक समान ठेवून त्यांचा अभ्यास एका स्थानिक प्रकरणाच्या आधारे करण्यास अभ्यास मंडळांना अडचण नसावी. संस्था आपली अंतर्गत माहिती देणार नाहीत, हा दुसरा आक्षेपही निर्णायक नाही. न्यायालयांचे निर्णय, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके आणि सहकारी बँकांवरील दंडाबाबत तिने प्रसिद्ध केलेली निवेदने ही सामग्री सर्वांना उपलब्ध आहे.

या आधारे मूल्यमापनाचे स्वरूप बदलता येईल. वाणिज्य, विधी आणि संगणकशास्त्र या शाखांतील विद्यार्थ्यांचे मिश्र गट करून प्रत्येक गटाला एकच प्रकरण द्यावे. गटाने प्रथम पैशाच्या व माहितीच्या प्रवाहाचा नकाशा काढावा. सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. त्या मुदतीचे बंधन पाळून गटाने घटनेचा अहवाल लिहावा. त्यानंतर कलम ६३ च्या नमुन्यातील प्रमाणपत्र तयार करावे. शेवटी संचालक मंडळासाठी व ठेवीदारांसाठी मराठीतून प्रत्येकी एक पानाचे निवेदन लिहावे. वर्षातून एकदा, शक्यतो शनिवारी, अशा घटनेची रंगीत तालीम घ्यावी. या चार कृतींतून अभ्यासक्रमाचे पाचही घटक एकमेकांना जोडले जातात आणि त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज भासत नाही.

याखेरीज एका नैतिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कॉसमॉस प्रकरणात कार्ड घेऊन एटीएमसमोर उभे राहणाऱ्या माणसांशिवाय हल्ला पूर्ण झाला नसता. आजच्या ऑनलाइन फसवणुकीतही लुटीचा पैसा फिरवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावरची बँक खाती लागतात आणि थोड्या कमिशनच्या मोबदल्यात खाते वापरू देण्याचे आमिष तरुणांना दाखवले जाते. पदव्युत्तर विद्यार्थी हा केवळ भावी रक्षक नसून संभाव्य सावज आणि क्वचित नकळत झालेला साथीदारही असतो. अभ्यासक्रमातील 'सायबर नीतिमत्ता' हा विषय येथून सुरू झाला, तर तो उपदेश न वाटता वास्तव वाटेल.

६. समारोप

आयोगाचा अभ्यासक्रम योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे. सर्व शाखांसाठी खुले असलेले त्याचे स्वरूप जपलेच पाहिजे. मात्र गुन्हा, कायदा, गोपनीयता व व्यवस्थापन यांची वेगवेगळी ओळख करून देणे हे पदवी स्तराचे काम आहे. पदव्युत्तर स्तरावर त्यांचे परस्परसंबंध समजणे आणि त्या आधारे निर्णय घेता येणे अपेक्षित आहे. कॉसमॉस प्रकरणात बनावट स्विच उभा राहिला तो दोन प्रणालींच्या मध्ये. दुसरा अपहार रोखण्याची संधी हुकली ती सुट्टीच्या दोन टोकांदरम्यान. आणि पुराव्याचे भवितव्य ठरते ते बँक व न्यायालय यांच्या मधल्या टप्प्यात. सुरक्षेतील फट बहुधा अशा मधल्या जागीच असते.

ज्या शहराच्या एटीएम केंद्रांतून त्या दिवशी सुमारे ८९ लाख रुपये निघाले, त्या शहरातील महाविद्यालयांनी तरी हे प्रकरण आपल्या वर्गांत आणावे. दर दहा दिवसांनी दूधबिल खात्यावर जमा होण्याची वाट पाहणाऱ्या ठेवीदाराला स्विच म्हणजे काय, हे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. त्याच्या बँकेत बसणाऱ्या द्विपदवीधराला मात्र ते ठाऊक असलेच पाहिजे.